कातळ आणि गाळ

माणूस जन्मायला अजून पुष्कळ अवकाश होता, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावर एक काळा कातळ राहत होता आणि खाली नदीच्या वळणावर गाळ.

कातळ गाळाला रोज टोमणे मारायचा. “मी ज्वालामुखीतून उसळलो आणि थंड होताच दगड झालो. आणि तू? अजून चिखलच!”

“होईन हो दादा, हळूहळू,” गाळ म्हणायचा. दरवर्षी त्याच्यावर नवा थर बसायचा आणि त्या भाराखाली तो दबत, घट्ट होत जायचा.

कातळाला मात्र ऊनपावसाने तडे गेले. त्याचे तुकडे पडले, तुकड्यांची वाळू झाली आणि लाखो वर्षांनी तो नदीतून वाहत थेट गाळापाशीच आला.

“जरा सरकतोस का?” तो ओशाळून म्हणाला.

“सरकता येत नाही दादा, मी आता दगड झालोय. तुम्ही वरच बसा.”

“मला किती दिवस लागतील?”

“फार नाही, पाच-सहा लाख वर्षं. फक्त बडबड करू नका. बोललं की कण हलतात आणि बसलेला थर विस्कटतो.”

कातळ मुकाट्याने बसला. चौथ्या दिवशी त्याने हळूच विचारलं, “झालो का?”