पाचवी खाच

फार फार वर्षांपूर्वी समुद्राकाठी एक राज्य होतं. त्याच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची रांग होती. भरतीच्या नेमक्या घटकेलाच गलबतं तिच्यावरून आत येऊ शकत. घटका चुकली की गलबत फुटे.

ती घटका सांगायला टेकडीवर एक पितळी यंत्र होतं. पाटाचं पाणी त्याच्या चाकावर पडे, दाते फिरत, आणि तिथी व खडकांची मापं यांचा हिशेब करून यंत्र उत्तर तांब्याच्या पत्र्यावर ठोकून देई. मापांचे पत्रेही तिथेच असत. खाऱ्या हवेत तांबं झिजतं, म्हणून दर अमावास्येला यंत्राकडून त्यांची नवी नक्कल काढून घेत आणि जुने पत्रे वितळवून टाकत. तसा रिवाज होता, आणि रिवाज असल्यामुळे त्यावर कोणी विचार केला नव्हता.

यंत्र घडवणाऱ्याने जाताना बजावलं होतं, की पाटाच्या तोंडाची फळी तिसऱ्या खाचेपर्यंतच उचलायची. फळीला खाचा मात्र पाच होत्या. प्रधानजींना हे खटकायचं. वापरायच्या नव्हत्या तर वरच्या दोन कोरल्या कशाला, असं त्यांनी भर दरबारात विचारलं. शेजारच्या राज्यातलं यंत्र अधिक वेगाने चालतं, अशी बातमीही जोडली. झालं, फळी पाचव्या खाचेवर गेली. सकाळभराचं काम दोन घटकांत उरकू लागलं. उरलेल्या वेळाचं काय करायचं हे ठरलेलं नसल्यामुळे तो प्रधानजींचं कौतुक करण्यात गेला.

तीन अमावास्या गेल्या. मग यंत्र मधेच अडखळू लागलं. थोडं थांबे आणि आपणच पुन्हा सुरू होई. ते सांभाळणाऱ्या यंत्रपालाने दोनदा तक्रार केली. चालू यंत्राची तक्रार कसली, असं उत्तर आलं. आणि एके दिवशी एक होडी खडकाला घासून परत आली. पत्र्यावर पाणी सहा हात होतं, समुद्रात चार.

यंत्रपालाने बोटांवर दिवस मोजले. त्याची मुलगी औषधं घेऊन बेटांवर गेली होती. एका म्हाताऱ्या तांडेलाच्या गलबतातून ती पौर्णिमेला परतणार होती, म्हणजे चौथ्या दिवशी. आत शिरायची घटका तिच्याजवळच्या ज्या पत्र्यावर होती, तो याच यंत्राने, याच पाचव्या खाचेवर ठोकलेला होता. तो बरोबर होता की चूक, हे सांगणारं कोणी नव्हतं.

राजाने चार जाणकार बोलावले. एकाने तेल बदललं, दुसऱ्याने तांबं बदललं, तिसऱ्याने चाक उतरवून धुतलं, चौथ्याने ग्रहशांती केली. सगळं एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरळीत चाललं आणि चौघांनीही श्रेय घेतलं. तिसऱ्या दिवशी यंत्राने एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली, तोवर चौघेही आपापल्या गावी पोचले होते.

त्याच दिवशी पत्रे पुरवणारी म्हातारी तांबटीण आली. तिने यंत्राच्या आसाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"हे तापलंय की रे. फळी कुठे आहे?"

"पाचव्या खाचेवर."

"तिसरीवर आण. बाकी कशाला हात लावू नकोस."

प्रधानजी तिथेच होते. ते म्हणाले, "आजीबाई, तीन महिने याच खाचेवर धावलंय ते."

"धावलं ना. त्यातलं बरोबर किती आलं, ते मोजलं का कुणी?"

मोजणी आपल्या खात्यात येत नाही, असं प्रधानजींनी सांगितलं.

फळी उतरवण्याआधी म्हातारीने एकच प्रश्न यंत्राला दहा वेळा विचारायला लावला. सात उत्तरं जुळली, तीन नाही. मग फळी तिसऱ्या खाचेवर आली, यंत्र निवलं, आणि तोच प्रश्न पुन्हा दहा वेळा विचारला. दहाही जुळली. यंत्रपालाला रडूच आलं. मुलीची घटका काढायला त्याने लगबगीने मापांचा पत्रा उचलला.

म्हातारीने त्याचं मनगट धरलं. "ही नक्कल कोणत्या खाचेवर काढलीस?"

यंत्रपालाने पत्रा खाली ठेवला. तीन अमावास्यांच्या नकला पाचव्या खाचेवर निघाल्या होत्या, एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. जुने पत्रे त्याच म्हातारीच्या भट्टीत वितळले होते. एखादाच आकडा बिघडला असेल, किंवा शंभर. पाहून काही कळत नव्हतं. चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतकाच सुबक उठला होता.

पौर्णिमेच्या सकाळी शीड दिसलं. यंत्रपालाने टेकडीवर धूर केला. त्याचा अर्थ, बाहेरच थांबा. मग गावातले सगळे कोळी दोरीला शिसं बांधून होड्यांतून खडक मोजायला लागले. एकेक खडक, दोन दोनदा. यंत्रपाल आकडे लिहून घेई आणि मधूनच शिडाकडे पाही. वारा पडला होता. ऊन भाजत होतं. गलबतावर पिण्याचं पाणी जेमतेम एका दिवसाचं होतं, हे त्याला ठाऊक होतं; पण खडकांपलीकडच्या प्रवाहाच्या ओढीत लहान होड्या टिकत नसत, त्यामुळे ते पोचवताही येत नव्हतं.

तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी खऱ्या मापांवरून निघालेल्या घटकेला गलबत आत आलं. तांडेल शिडाच्या कापडाखाली झाकलेला होता. आपल्या वाटचं पाणी त्याने पहिल्याच दिवशी इतरांना देऊन टाकलं होतं.

मुलीचे ओठ फुटले होते. तिने पदराची गाठ सोडून आपला पत्रा बापाच्या हातात दिला. नव्या मापांवरून पौर्णिमेची घटका त्याने काढलीच होती. पत्र्यावर तीच होती.

"बाबा, म्हणजे पहिल्याच दिवशी आत येता आलं असतं?"

"आलं असतं."

"मग का थांबवलंत?"

"तो पत्रा बरोबर आहे हे ताडून पाहायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं, पोरी."

तांडेलाच्या घरी निरोप सांगायला राजाने प्रधानजींना पाठवलं. त्या दिवशी मात्र त्यांनी कसलीच घाई केली नाही.

तात्पर्य: वेगाच्या हौसेपायी एकदा चूक आत शिरू दिली, की मग बरोबर उत्तरावरही विश्वास ठेवता येत नाही.