पितळी कुलूप आणि रंगोबाची जीभ

नातवंडं पाठ सोडत नाहीत म्हणून सांगतो, मला काही हौस नाही. फार मागं रंगोबाच्या दाराला एक पितळी कुलूप होतं. गावाला निघताना रंगोबानं ते तीनदा ओढून पाहिलं आणि रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याला ओरडून सांगितलं, "किल्ली तुळशीच्या कुंडीखाली आहे बरं का." कुलपाला घाम फुटला. भरदुपारी चोर आला, त्यानं किल्लीनं दार उघडलं आणि तांब्याची घागरसुद्धा नेली.

परतल्यावर रंगोबा कुलपावर खेकसला, "फितूर मेल्या, तुला भंगारातच घालतो."

कुलूप म्हणालं, "मालक, मला तीनदा ओढलंत, एकदा स्वतःची जीभ ओढून धरायची होती."

तरी कुलूप भंगारात गेलंच. आमच्या गणपा सुतारानं मलाही किल्लीची जागा अशीच ओरडून सांगितली होती, आणि चोरीचा आळ माझ्यावर घेतला. त्याची माफी अजून यायची आहे.