कंदिलाची कुंची

एक होता राजा, आणि त्याच्याकडे होता एक काचेचा कंदील. साधासुधा नव्हे बरं का, बोलणारा कंदील. डोंगरमाथ्यावर नेऊन लावला, की कितीही दाट धुकं विरघळून जायचं. पण काच कशी, तर कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. डोंगराची वाट सगळी दगडधोंड्यांची. म्हणून राजाच्या पणजोबांनंतर त्याला कुणी बाहेरच काढलं नव्हतं.

एकदा काय झालं, डोंगरावर धुकं उतरलं. दोन दिवस झाले, हलेना. वर मेंढ्या घेऊन गेलेली केसर अडकली. फडक्यात भाकऱ्या दोनच दिवसांच्या, आणि जिकडेतिकडे तुटलेले कडे. पाऊल कुठे टाकणार?

केसरची आई भिवरा गावात गोधड्या शिवायची. ती तडक राजाकडे गेली. कंदील द्या, मी नेते, म्हणाली. राजानं विचारलं, फुटला तर? ती म्हणाली, फुटणार नाही असं जाड अंगडं शिवते त्याला.

तेवढ्यात कंदीलच बोलला, "आधीच सांगतो हं. तीन तडे गेले की मी विझलो. मग पुन्हा पेटणार नाही."

राजानं कौतुकानं कोरं रेशीम दिलं. भिवरानं झरझर पिशवी शिवली. राजवाड्याच्या चार पायऱ्या उतरते न उतरते, तो कंदील आत सुळकन सरकला. टिंग. पहिला तडा.

"निसरडं आहे गं आत," कंदील कुरकुरला.

मग तिनं पिशवीला अस्तर लावून मध्ये सावरीचा कापूस भरला. पण घाई केवढी! धावदोरा घातला चार-चार बोटांवर. टाके लांब घालू नका, कापूस पळतो, असं ती पोरीबाळींना सारखी रागवायची, आणि आज स्वतःच विसरली. वेशीपर्यंत जाते तो सगळा कापूस तळाशी गोळा. टिंग. दुसरा तडा.

"गोधडीवाली म्हणवतेस ना तू?" कंदील म्हणाला.

भिवरा तशीच मागे फिरली. घरी आली, ट्रंक उघडली. धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी काढली. त्यांचे चार थर झाले, पाचवा कमी पडला. ट्रंकेच्या तळाशी नवऱ्याचा पटका होता. तो जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यानं घातलेली घडी तिनं मोडली नव्हती. तिचा हात जरासा थांबला. मग तिनं घडी मोडली.

मग तिनं बाळाचं घ्यावं तसं कंदिलाचं माप घेतलं. डोकं घेतलं, पोट घेतलं, बूडसुद्धा घेतलं. ज्वारीच्या दाण्याएवढे टाके घालत कडेकडेनं फिरत मधोमध आली. वर टोपडं, त्याला बंद. झाली की कुंची! कंदील आत शिरला, त्यानं एक जांभई दिली, आणि लागला घोरायला.

तिसऱ्या दिवशी सकाळीच भिवरा डोंगर चढू लागली. पुढचं दिसेना, म्हणून हातानं चाचपत चढली. अर्ध्यावर गेली आणि पाय घसरला. कुंची हातातून सुटली. धप, धप, धप, गेली गडगडत खाली. बसत, सरपटत ती खाली आली. अंधूक काहीतरी दिसलं. तिनं घाईघाईनं बंद सोडले.

"का गं उठवलंस?" कंदील म्हणाला.

आता काय विचारता, भिवरा चढली नाही, उडालीच. माथ्यावर जाऊन तिनं चकमक झाडली. कंदील पेटला. धुकं सायीसारखं बाजूला सरकलं, आणि बघते तर काय, कड्यापासून तीन पावलांवर केसर बसलेली, भोवती मेंढ्या.

भिवरा धावायला निघाली.

"आई, तिथंच थांब," केसर हळूच म्हणाली. "मेंढ्या बुजतील. मीच येते."

आणि आली. एकेक मेंढी पुढे घालून, सावकाश, आली. मग आईनं तिला असं जवळ घेतलं की मेंढ्यासुद्धा बघत राहिल्या.

घरी आल्यावर केसरनं पाच भाकऱ्या खाल्ल्या, बरं का. राजानं कंदील परत मागितला. कंदील म्हणाला, येतो, पण कुंचीसकट. राजा हसला आणि हो म्हणाला. मग मायलेकी सुखात राहिल्या, मेंढ्याही राहिल्या. कंदील अजून घोरतोय म्हणे. ऐकू येत नाही? डोळे मिटून पडा बघू, म्हणजे येईल.