भागूचा सांधा

मांडवखडकचं तळं पाहायला आलेली माणसं आधी पाण्याचं कौतुक करतात आणि मग बांधाचं. भागाईच्या देवळाचे गुरव यशवंततात्या ते सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि पाहुण्यांना चालवत बांधाच्या मधोमध आणतात. तिथे हळद माखलेले पाच उभे दगड आहेत आणि त्यांच्या पुढ्यात मातीचा एक उघडा पट्टा. बाकीच्या बांधावर गुडघाभर गवत माजलेलं असतं, पण या पट्ट्यावर काडी उगवत नाही. याला भागूचा सांधा म्हणतात. तात्या पाहुण्यांना चपला काढायला लावतात आणि दोन्ही पायांनी ती माती तुडवायला सांगतात. शहरातली माणसं लाजतात, एकमेकांकडे बघून हसतात. लाजायचं असेल तर वर देवळात जाऊन लाजा, इथं पाय चालवा, असं तात्या सुनावतात. सगळ्यांचे पाय मातीने भरले की मग खाली बसून ते सांगायला लागतात.

ही गोष्ट कुणाच्या राज्यातली ते त्यांना विचारू नये. राजे बदलले तरी तहान तीच असते, एवढंच ते म्हणतात.

त्या काळी गावात भागू नावाच्या बायकांचा नुसता सुकाळ होता, असं सांगतात. डोंगरावरची देवी भागाई, म्हणून घरटी एका तरी मुलीचं नाव भागू. त्यातून बाहेरगावची सून त्याच नावाची आली, तर देवीचं नाव पुसायचं नाही म्हणून लग्नात तिचं नावही बदलत नसत. पाणवठ्यावर कुणी भागू म्हणून हाक मारली की निम्म्या घागरी थांबायच्या. मग ओळख पटावी म्हणून जिला तिला तिच्या गुणाचं शेपूट लागलं.

त्यातल्या काही जणींचं नाव तर पंचक्रोशीत गाजलेलं होतं. पाटलीण भागू होती. पाटील मुलूखगिरीवर गेलेला असताना लुटारूंचे घोडे वेशीत आले, तेव्हा हिने वेस लावून घेतली आणि बुरुजावर स्वतः उभी राहिली. धनगराची भागू होती, जिने मेंढरात शिरलेला लांडगा कुऱ्हाडीने मारला आणि डाव्या हाताची दोन बोटं त्याला देऊन टाकली. कुंभाराच्या भागूचे रांजण बाजारात गाडीतून उतरायच्या आत संपायचे. आणि खालच्या आळीची भागू सुईण होती. गावातलं पोर न् पोर जन्मताना पहिल्यांदा तिच्या हातात यायचं. पोर न्हाऊमाखू झालं की मात्र तिची सावलीही ओट्यावर चालायची नाही. ही गोष्ट खरी तिची.

आणखी एक भागू होती, पण तिला कुणी गाजलेल्यांत धरत नसे. तळ्याच्या बांधाचा दगड फोडायला वडारांचा तळ आला होता. त्यातली एक बाई बाळंतपणात गेली, आणि तापाची साथ आली तेव्हा तिचा नवराही गेला. तळ पुढे निघून गेला आणि मुलगी मागे राहिली. नाव ठेवायला आत्या लागते. या मुलीला ना आत्या, ना आळी. तेव्हा सुईणीनेच तिला मांडीवर घेतलं आणि कानात स्वतःचं नाव सांगितलं. दुसरं द्यायला तिच्याजवळ होतं तरी काय? मुलगी कुणाच्या शेणगोठ्यात, कुणाच्या खळ्यावर वाढली. सुईणीला ती आत्या म्हणायची आणि तिला तसं म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

आता बांधाची गत काय होती ते ऐका. चार आळ्यांनी बांध वाटून घेतला होता. ज्याने त्याने आपल्या वाट्याची माती वाहायची आणि आपल्याच पायांनी तुडवायची. पण एकाच्या वाट्याला दुसऱ्याचा पाय लागू नये म्हणून दोन वाट्यांच्या मध्ये हातभर जागा सोडायचे. काम उरकलं की त्या फटीत उरलीसुरली माती लोटून द्यायचे. ती कुणी तुडवायची हे काही ठरत नसे. मधोमध, जिथे पाणी सगळ्यात खोल, तिथेच पाटील आळीचा वाटा संपत होता आणि खालच्या आळीचा सुरू होत होता. तिथली फट सगळ्यात रुंद होती. दरसाल पहिला लोंढा आला की बांध नेमका तिथेच फुटायचा, आणि दरसाल गाव म्हणायचं की देवी कोपली. माणसं इतकी शहाणी असून इतकी आंधळी कशी राहतात, हे तात्यांना अजून उमगलेलं नाही.

असा तो सारखा फुटत राहिला. विहिरी आटल्या, गुरं विकली गेली, कुंभारांची चाकं थांबली. बायका पाण्यासाठी पार दरीत उतरायला लागल्या आणि त्यातली एक गरोदर बाई कड्यावरून कोसळून गेली. तेव्हा गावाने देवळात भगत बसवला. त्याच्या अंगात वारं आलं आणि देवी बोलली म्हणे, ‘माझ्या नावाची मला द्या. मग बांध धरीन.’

याचा अर्थ लहान पोरालाही कळत होता. बांधात जिवंत पुरायला बाई हवी होती आणि तिचं नाव भागू हवं होतं.

चावडीवर सगळे जमले. पाटलीण मुलाबाळांची बाई, तिचा विचारही नको, असं पाटील आळी म्हणाली. आमची भागू गेली तर लांडग्यांना रान मोकळं होईल, असं धनगर म्हणाले. कुंभारांनी रांजणांची आठवण करून दिली. खालच्या आळीला कुणी विचारलंच नाही, पण सुईण गेली तर पोटुशा लेकीसुनांचं काय, ही काळजी ज्याच्या त्याच्या पोटात होतीच. घरोघरच्या बाकीच्या भागूंमागेही त्यांची त्यांची माणसं होती. कुणी बोट दाखवलं नाही की कुणी नाव घेतलं नाही. तरी चावडी उठली तेव्हा वडाराची भागू द्यायची हे ठरून गेलं होतं. जी कुणाची नाही तिच्यासाठी कुणाला रडावं लागत नाही.

येत्या मंगळवारचा दिवस धरला. पाटलाच्या घरून मुलीला हिरवं लुगडं आलं, हातभर चुडा आला. जन्मात कधी तिने नवं लुगडं नेसलं नव्हतं. ते तसंच घडीचं छातीशी धरून ती सुईणीच्या खोपटाशी गेली आणि दारात बसली. मग तिने विचारलं, “आत्या, माती तोंडात गेल्यावर लई वेळ लागतो का गं?”

सुईणीचं काळीज फाटलं. आयुष्यभर तिने बायकांना धीर दिला होता, वेणा सोसणाऱ्यांना खोटंही सांगितलं होतं. या पोरीपुढे मात्र तिला खोटं सुचेना. आपण हिला नाव नाही दिलं, मरण दिलं, हे तिच्या मनात आलं आणि ती उठली. डोळे पुसायलाही थांबली नाही. मुलीला घरात बसवून तिने दार ओढून घेतलं आणि गावाच्या वाटेला लागली.

आधी ती धनगरवाड्यावर गेली. धनगराच्या भागूने सगळं ऐकून घेतलं आणि कधी यायचं तेवढं विचारलं. कुंभाराच्या भागूला वेळ लागला. ती थापटण्याने मडकं ठोकत राहिली, ठोकत राहिली आणि ते मडकं फुटलं तेव्हा म्हणाली की येते. पाटलाच्या वाड्यापुढे सुईण ओट्याखाली उन्हात उभी राहिली. पाटलीण बाहेर आली. तिची तिन्ही मुलं हिच्याच हातांवर जन्मली होती, त्यातलं मधलं पायाळू. काय गं भागे, असं पाटलिणीने विचारलं. स्वतःच्याच नावाने दुसरीला हाक मारताना ती नेहमी जराशी अडखळायची.

“वैनीसाब, म्या मागाय न्हाई आले,” सुईण म्हणाली. “देवीनं भागू मागितलीया. मंगळवारी म्या खिंडारात जाऊन बसनार हाय. तुमचं नाव काय हाय, त्येची याद द्याया आले.”

पाटलीण वळली. आत गेली आणि दार लागलं. सुईण परत फिरली, पण तिचा पाय मागे सरला नाही. पाटलीण नाही आली तरी आपण बसायचं, एवढं तिच्यापुरतं पक्कं झालं होतं.

मंगळवारी हलगी वाजवत गाव बांधावर आलं. पुढे भगत, मध्ये हिरव्या लुगड्यातली मुलगी, मागे पाटील. खिंडारापाशी येऊन सगळे थबकले. आत ओल्या चिखलात सुईण मांडी घालून बसली होती. भगताने तिला उठायला सांगितलं. ती उठली नाही. देवीचं मागणं अडवतेस, गावाचं वाटोळं करशील, असं त्याने दरडावलं.

“म्या कुठं अडिवती?” सुईण म्हणाली. “देवीनं नावाची मागितलीया. नाव माझं हाय. ह्या पोरीला त्ये म्याच दिलंया. उसनं कशाला घेता, मूळचं घ्या की.”

हलगी थांबली. तेवढ्यात धनगराची भागू कुऱ्हाड भावाच्या हाती देऊन खाली उतरली आणि सुईणीशेजारी बसली. मग कुंभाराची उतरली. धनगरांत आणि कुंभारांत गलका झाला, आपली का म्हणून, ती उठू दे, असं जो तो ओरडायला लागला. आणि त्या गलक्यातून पाटलीण वाट काढत आली. तिने पायांतले जोडे बांधावर काढले, पदर खोचला आणि चिखलात उतरली. ती सुईणीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली. गावाने असलं कधी पाहिलं नव्हतं. मुलगी कधी खाली उतरून सुईणीच्या कुशीत शिरली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पाटलाचा चेहरा काळवंडला. देवीला नेमकी कोण हवी आहे, असं त्याने विचारलं. पाटलिणीने वर पाहिलं.

“ते तिचं तिला ठरवू द्या,” ती म्हणाली. “प्रत्येक आळीची तिच्या नावाची इथं आहे. पाणी येईल तेव्हा जी हवी तिला ती नेईल. पण आमच्यातली एकही तोवर इथून हलायची नाही. तुम्हाला आमची काळजी असेल तर पाणी यायच्या आत बांध घाला.”

मग काय झालं ते तात्या उभे राहून सांगतात. ज्या फटीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिथे आता प्रत्येक आळीची भागू बसली होती. चारी आळ्यांच्या पाट्या एकाच जागी यायला लागल्या. पाटलाची पोरं माती ओतत होती, खालच्या आळीची पोरं ओतत होती, आणि त्यात कुणाची माती कुठली हे सांगायला जागाच उरली नाही. पाटी पडली की बायका उठायच्या आणि ती माती पायांनी तुडवायच्या. धनगर दूध घेऊन आले, कुंभार पाणी घेऊन आले, आणि पाचही जणींनी ते एकाच मडक्यातून घेतलं. मुलगी आधी सुईणीचा पदर धरून होती. मग तीही तुडवायला लागली आणि हिरवं लुगडं मांडीपर्यंत चिखलाने भरलं. माती वर चढली तशा त्याही मातीबरोबर वर चढत गेल्या. जिला पुरायला आणलं होतं, तिच्याच पायांखाली बांध उभा राहिला.

काळे ढग डोंगरावर उतरले तेव्हा त्या पाच जणी बांधाच्या माथ्यावर, सांध्यावर हात धरून उभ्या होत्या. भर दुपारी लोंढा आला. अख्खी झाडं वाहत आली, पाणी चढत चढत त्यांच्या घोट्यांना लागलं. पाटलाने हाका मारल्या. एकही हलली नाही. सुईणीने मुलीचा हात इतका घट्ट धरला होता की चुडा फुटून दोघींच्या मनगटातून रक्त आलं, असं सांगतात. पाणी घोट्याशी खेळलं आणि सांडव्याने निघून गेलं. बांध कडेला थोडा खचला. सांधा मात्र तसूभर हलला नाही.

देवीने कुणालाच नेलं नाही. भगत म्हणाला, देवीचं मन बदललं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुरव पूजेला गेला आणि देवळाच्या उंबऱ्यातूनच ओरडला. त्याच्या हाकेने धावून आलेल्या गावाने पाहिलं. कुलूप लावलेल्या गाभाऱ्यात भागाईची मूर्ती गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली होती म्हणे. चिखल बांधाचा होता, अजून ओला होता. सुईणीने तो पाहिला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. कारण आपण पाच नव्हतो, सहा होतो, हे तिला तेव्हा कळलं.

त्यानंतर मांडवखडकात बांधाचे वाटे झाले नाहीत. वडाराच्या भागूचं लग्न चारी आळ्यांनी लावून दिलं आणि तिला चार माहेरं मिळाली. पुढे ती एवढी मोठी बाई झाली की आजूबाजूच्या गावांचे तंटे तिच्यापुढे येऊन मिटायचे. सुईण गेली तेव्हा पाटलाच्या मुलांनी तिला खांदा दिला, असं सांगतात. बांधावर ते पाच दगड उभे करताना कोणता कोणाचा याच्या खुणा करायच्या नाहीत, हे पाचही जणींनी आधीच बजावून ठेवलं होतं. पाटलिणीने त्यासाठी देवीची शपथ घातली होती.

आजही भागाईच्या मूर्तीला वर्षातल्या त्या एका मंगळवारी पाण्याने न्हाऊ घालत नाहीत, तिच्या पायांना बांधाचा चिखल लावतात. आजही गावात कुठून आलेली, कुणाची नसलेली पोर सापडली तर तिचं नाव भागूच ठेवतात, म्हणजे तू कुणाची, असं तिला विचारायची कुणाची टाप राहत नाही. त्या मंगळवारी सगळ्या आळ्यांच्या भागू सांधा तुडवायला उतरतात. त्यांत शाळामास्तरीण असते, सरपंचबाई असते, दुसऱ्याच्या शेतात राबणारी असते, सासरहून खास आलेली असते. गुरव देवळाच्या पायरीवरून एकदाच हाक मारतो, ‘भागू’. कोणती, ते तो सांगत नाही. आणि बांधावरून सगळ्या जणी एकदम ओ देतात.