पुसल्यानंतरचे चार दिवस

एका खाडीकाठच्या गावात मोरेश्वर नावाचा एक हुशार माणूस होता. हुशार असल्याचं तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगायचा, त्यामुळे गावाला ते पाठ झालं होतं. वाचनालयातल्या संगणकावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली त्यानेच घातली होती. होड्या बांधणाऱ्या लाडकोबांचा आवाज त्याच संगणकात साठवला होता. कणा कसा निवडायचा, फळ्या कशा वाकवायच्या, असं चांगलं चाळीस तासांचं बोलणं. पुढे लाडकोबा वारले. त्यांची मुलगी रेवती रोज तो आवाज ऐकायची आणि आपल्या होडीची पुढची फळी ठोकायची.

एका सोमवारी संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर दोन ओळी, बस्स.

रेवती म्हणाली, "काका, आधी बाबांचा आवाज दुसरीकडे काढून घ्या हं."

पेनड्राइव्हवरून संगणक चालू करून तेवढं सहज जमलं असतं. पण भोवती दहा-पंधरा माणसं जमलेली! "मला शिकवतेस होय गं?" म्हणत मोरेश्वरने ऐटीत लिनक्स नव्याने घालायला घेतलं. सगळी डिस्क पुसू का, असं संगणकाने विचारलं. न वाचताच त्याने हो म्हटलं.

संगणक झकास सुरू झाला. आत मात्र काहीच नव्हतं. मोरेश्वरने पडदा झटकन भिंतीकडे वळवला. आणि म्हणाला, "चार दिवस द्या, आवाज जागेवर लावतो."

आणि त्या चार दिवसांत पठ्ठ्याने केलं काय? संगणक पहिल्यासारखा दिसावा म्हणून त्यात पुस्तकं भरली, सिनेमे भरले, जत्रेचे फोटो भरले. डिस्क गच्च झाली. रेवती रोज येऊन विचारायची, "झालं का हो काका?" त्याला तिच्याकडे बघवेना. पण खरं सांगायला जीभ रेटेना.

शुक्रवारी अगदीच इलाज खुंटला, तेव्हा त्याने संगणक तालुक्याला नलूताईंकडे नेला. पुसलेलं परत काढण्यात त्या वाकबगार. रेवतीही सोबत गेली.

"पुसलं कधी?" नलूताईंनी विचारलं.

"सोमवारी," मोरेश्वर पुटपुटला. रेवतीने चमकून पाहिलं.

"त्यानंतर काही भरलंत?"

"पुष्कळ."

नलूताई हळहळल्या. "अहो, पुसलेलं डिस्कवर तसंच पडून असतं, नवं काही त्यावर बसेपर्यंत. तेव्हाच बंद करून आणला असतात, तर बहुतेक सगळं मिळालं असतं."

दिवसभर खटपट करून साडेतीन तासांचा आवाज हाती लागला. त्यात कणा होता. फळ्या नव्हत्या, शीड नव्हतं.

मोरेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "रेवती, चुकलो गं मी."

"सोमवारी चुकलात, काका. ते मी पोटात घातलं असतं," रेवती म्हणाली. "पण पुढचे चार दिवस माझे बाबा तुम्ही समजूनउमजून पुसत होतात."

नवं भरल्याने जुनं जातं हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं सांगायला मोरेश्वरने तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढंही बोलायचा हक्क आपल्याला उरला नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

तात्पर्य: चूक झाली की हात आवरावा आणि तोंड उघडावं, लपवण्याच्या धडपडीत वाचण्याजोगं असतं तेही जातं.