बस्त्यावचा कापूस

ऐका. पण मधेच हसायचं नाही, आणि मी सांगतो म्हणून सगळं खरंही धरायचं नाही. फार वर्षांपूर्वी, आपल्या चर्चला घंटासुद्धा नव्हती तेव्हा, आगारपाड्यात बस्त्याव नावाचा माणूस राहायचा. मँडोलिनच्या तारा निवडायच्या आणि बिघडलेल्या वाद्याचं दुखणं शोधायचं, एवढंच त्याचं काम. खाडीपलीकडे कुणाची तार गंजायला लागली तर ह्याला अंगणात बसून ऐकू यायचं, असं म्हणतात. मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

माणूस महासंशयी. नवी तार आली की आधी ताणून बघायचा, मग नखानं खरवडायचा, मग नाकाला लावायचा. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. जोडीतली एक जराशी जाड निघाली तर हा दोन्ही फेकून द्यायचा. खुंटीवर संशय, तारांखालच्या घोडीवर संशय, खाऱ्या वाऱ्यावर तर जन्माचा संशय.

तर त्या वर्षी रोजिनचं लग्न ठरलं. आईबाप लहानपणीच गेलेले, नातालीन मावशीनं वाढवलेली पोर. मावशी विधवा. तिचा नवरा होडीसकट समुद्रात गेला होता. आपल्याकडे रीत अशी, की मँडोलिन वाजल्याशिवाय नवरीनं उंबरठा ओलांडायचा नाही. वाजवणारा होता पास्कू. मांडवभर आवाज जावा म्हणून त्यानं आठ दिवस आधी बस्त्यावकडून जाड तारा घालून घेतल्या होत्या.

पास्कूनं वाजवायला घेतलं, आणि तार तुटली. नवी घातली, तीही तुटली. तिसरी तुटली ती थेट त्याच्या गालावर बसली, रक्तच आलं. झालं! कुजबुज सुरू. समोर कोण उभं होतं? समोर नातालीन उभी होती, हातात फुलांचं ताट घेऊन.

"आधीच एक घर बुडवून बसलीये ही," नवऱ्याची आत्या म्हणाली. "हिला पाड्याबाहेर काढा, नाहीतर आम्ही वरात परत नेतो."

बिचारी ताट खाली ठेवून निघालीसुद्धा. रोजिन आतून ओरडली, "मावशी गेली तर मीपण येत नाही!" अजून सांगताना अंग जळतं हो माझं.

तेवढ्यात बस्त्याव पुढं आला. "थांब गं नातालीन. तुटलेल्या तारा आणा आधी."

तिन्ही तारा त्यानं एकीला एक लावून बघितल्या. तिन्ही एकाच जागी तुटलेल्या, अगदी वर, मानेवरच्या हाडाच्या पट्टीपाशी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. "नजर काय माप घेऊन येते?" तो पुटपुटला. पास्कूच्या गालाला लावायला आणलेला कापूस होता, त्यातली बोटभर वात त्यानं खाचेतून ओढली. अडकली. त्या एका वातीला अख्खं मँडोलिन लटकलं, असं म्हणतात. मी म्हणत नाही.

आता बघा, ती खाच रुंद केली कुणी? ह्यानंच, जाड तार बसावी म्हणून. घाईत कड घासायची राहिली, आणि तिचीच धार तारा कापत होती. गुपचूप घासून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. माझा संशय विचाराल तर, त्याच्याही मनात ते आलंच असणार. 

पण त्यानं दोन्ही तळवे वर केले. "बिघाड इथं आहे, लोकहो. सगळ्या जगावर संशय घेतला, ह्या हातांवर तेवढा घेतला नाही. नातालीन, माफ कर मला."

आत्याबाईंची मान खाली. बस्त्यावनं कड घासली, बारीक तार निवडून तयार ठेवली आणि कापूस नातालीनच्या हातात दिला. "आता तूच बघ, अडकतो का." तिनं फिरवला. अडकला नाही. मग तार चढली, मँडोलिन वाजलं, आणि रोजिन मावशीचा हात धरून उंबरठ्याबाहेर आली. तो सूर ऐकायला खाडीची ओहोटी थांबली, असं म्हणतात.

ओहोटीचं मला विचारू नका. पण हे मात्र मी डोळ्यांनी बघतो. आपल्या पाड्यात अजूनही तार तुटली की वाजवणारा आधी स्वतःचे तळवे मांडवाला दाखवतो. आणि लग्नाच्या सकाळी खाचांतून कापूस फिरवायचा मान विधवेचा असतो. ती "हं, वाजवा" म्हणेपर्यंत नवरी जागची हलत नाही.