लेकीएवढी वाट

सातपुड्यात खैरबार नावाचा पाडा आहे. त्याच्या खालच्या अंगाला मोरकी नदीवर एक बांध आहे, दगडांचा, सागाच्या पानांचा आणि चिखलाचा. पावसाळ्यात तो वाहून जातो. दिवाळी उलटली की पाड्यातले लोक तो पुन्हा रचतात आणि चढलेलं पाणी पाटाने डोंगराच्या कडेकडेने शेतांत नेतात. पाहुण्यांना आधी कौतुक वाटतं ते पाटाचं. थोडा वेळ काठावर उभं राहिलं की मग नजर बांधाच्या मधोमध जाते. तिथे एक जागा मोकळी सोडलेली असते, एक बाई मांडी घालून बसेल एवढी. तिच्यातून पाणी सरळ खाली निघून जातं.

हे बुजवायचं राहून गेलं का, असं बहुतेक पाहुणे विचारतात. उत्तर देण्याचं काम वेस्ताआजांचं. पाड्यात सगळ्यांत म्हातारे तेच.

मी याच पाड्यातला, आता बाहेर राहणारा. यंदा बांध रचायच्या दिवशी शहरातले काही जण घेऊन मी गेलो होतो. काठावर सिमेंटच्या गोण्या ठेवलेल्या होत्या. त्या आणल्या होत्या जामसिंगने, वेस्ताआजांच्या भावाच्या नातवाने. जामसिंगचं शेत पाटाच्या अगदी शेवटी. गेल्या हिवाळ्यात त्याचा गहू दाणा भरता भरता सुकला. यंदा बांध पक्का करायचा आणि मधली वाट बंद करायची, असं त्याचं म्हणणं होतं. लोकांनी ते ऐकून घेतलं होतं. कोणी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. वेस्ताआजा दगडावर टेकले आणि पाहुण्यांना सांगू लागले. आवाज मात्र चिखल कालवणाऱ्या जामसिंगपर्यंत पोचेल एवढा ठेवला होता.

फार पूर्वी, म्हणे, बांधाला अशी वाट नव्हती. दगडांच्या फटींतून जे झिरपायचं तेच खालच्या वाघपाणी गावाला पुरून उरायचं. खैरबारच्या मुली वाघपाणीला दिलेल्या असत. त्यामुळे खाली गेलेलं पाणी वाया गेलं, असं कोणाच्या मनात येत नसे.

मग एका वर्षी पाऊस अर्ध्यावरच निघून गेला. पाटाची राखण तेव्हा डुंगऱ्या नावाच्या माणसाकडे होती. हाताचा मोठा कसबी. त्याने सालईचा डिंक वितळवून चिखलात मळला आणि बांधाची एकेक फट लिंपून घेतली. खालच्या बाजूचा दगड हाताला कोरडा लागू लागला. पाड्याने त्याची वाहवा केली. त्या भरात त्याने याहामोगीपुढे शब्द दिला, की हरभरा आणि गहू घरात येईपर्यंत या बांधाला कोणाचा हात लागू देणार नाही. देवीपुढे बोललेला शब्द तो. बोलताना त्याला आपली केतली आठवली नाही, असं सांगतात.

केतली त्याची मुलगी. वाघपाणीला दिलेली, अंगावर पिणारं मूल असलेली. खाली डोह आटत गेले. मासे चिखलात पडले. बाया वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरू लागल्या आणि म्हशी त्यांच्या मागे येऊन उभ्या राहू लागल्या. केतलीचं दूध आटलं, तेव्हा मूल सासूजवळ देऊन ती माहेरी निघाली. पायवाट सोडून ती नदीच्या कोरड्या पात्रातून चालत आली.

लेक आली म्हणून खैरबारला आनंदच झाला. भावजय म्हणाली, मूल घेऊन ये आणि इथेच राहा, इथे पाण्याला तोटा नाही. आणि माझी सासू, माझ्या म्हशी, असं केतलीने विचारलं, तेव्हा भावजय हसली. "बघा, कालपर्यंत इथे आंबे चोरत होती. आज वाघपाणीची झाली."

केतली तिच्याशी बोलली नाही. ती बांधाच्या कोरड्या अंगाला उतरली, मधोमध बांधाला पाठ लावून बसली आणि बापाला म्हणाली, "बाबा, मोरकीला वाट दे. मग मी पाणी पिते."

डुंगऱ्या पुजाऱ्याकडे गेला. पुजारा म्हणाला, माणसाच्या हाताने बांध उघडला तर देवी पाड्यावर कोपेल. कोणी दुधीभोपळ्याच्या तुंब्यातून पाणी नेलं तर केतलीने तोंड फिरवलं. बाप काठावर बसून राहिला. लेकीकडे बघत राहिला आणि शब्द पाळत राहिला.

इथे वेस्ताआजा नेहमी थांबतात. पाहुण्यांना वाटतं, गोष्ट संपली.

असं किती दिवस चाललं ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. एका पहाटे केतलीची मान कलली. डुंगऱ्याने धावत जाऊन तिला उचललं. तिच्या पाठीच्या उबेने मागचा डिंक मऊ झाला होता, म्हणे. ती उठली तसे पाठीला चिकटलेले दगड तिच्याबरोबर सुटून आले आणि तेवढ्याच जागेतून मोरकी बाहेर पडली. बांधाला कोणाचा हात लागला नव्हता.

केतलीला सासरी नेलं, नदीच्या पात्रातूनच. तिरडीच्या बाजूने पाणी चालत होतं, असं सांगतात. खांदा बदलायला माणसं थांबली की तेही थांबे. तिरडीच्या पुढे ते एकदाही गेलं नाही. वाघपाणीला दोघी बरोबरच पोचल्या.

डुंगऱ्याने पुन्हा कधी चिखल हातात घेतला नाही. पण दरवर्षी बांध रचताना तो मधोमध जाऊन उभा राहायचा. वाघपाणीला दिलेली एखादी लेक येऊन तिथे बसेपर्यंत हलायचा नाही. तिच्या दोन्ही बाजूंनी दगड लावायचे आणि ती उठली की ती जागा तशीच सोडायची, अशी रीत त्याने घालून दिली. लेकीने सकाळपासून पाणी प्यायचं नाही. पहिली ओंजळ बांधाखालच्या पाण्याची.

"वाघपाणीचे लोक हुशार," वेस्ताआजा पाहुण्यांना म्हणाले. "बसायला नेहमी जाडजूड सून पाठवायचे. आमचे लोक बघून कपाळाला हात लावायचे."

सगळे हसले. जामसिंगही हसला. मग त्याने घमेलं खाली ठेवलं. "आजा, पण वाघपाणी कुठे आहे आता?"

त्याचा प्रश्न खरा होता. मोठ्या धरणाचं पाणी चढलं आणि वाघपाणी त्यात गेलं. माणसं दूर सपाटीवर वसवली. आमच्या वाटेतून सोडलेलं पाणी आता त्या अथांग पाण्यात जाऊन मिळतं. पाणी अडवायला मीही बाहेर राहून शिकलो. किती सोडायचं आणि कोणासाठी, हे मला तिथे कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात जीप आली. तिच्यातून थुवलीबाई उतरल्या, वेस्ताआजांची धाकटी बहीण. वाघपाणीला दिलेल्या लेकींपैकी आता त्या एकट्याच उरल्या आहेत. दरवर्षी सपाटीवरून येतात. यंदा आजारातून उठल्या होत्या. दोघांनी धरून त्यांना पाण्यात उतरवलं. त्या मधोमध बसल्या आणि मोरकी त्यांच्या कमरेवरून वाहू लागली.

पाहुण्यांपैकी एकीने हळूच विचारलं, "खाली आता कोणीच नाही, मग पाणी कोणासाठी?"

"माझी सासू तिथल्या मातीत आहे. सासऱ्यांच्या नावाचा दगड आहे," थुवलीबाई म्हणाल्या. "सगळे खालीच राहिले. त्यांच्यावर साचलंय ते पाणी थांबलेलं आहे, बाई. हे त्यांच्या ओळखीचं."

जामसिंग दगड घेऊन त्यांच्याजवळ गेला. तो थोडा लांब लावत होता. थुवलीबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. "जवळ लाव. खोटं माप नको. मी आता एवढीच उरलेय."

त्याने दगड त्यांच्या अंगाशी लावला, मग दुसऱ्या बाजूनेही. त्या उठल्या तेव्हा वेस्ताआजांनी वाकून बांधाखालच्या पाण्याची ओंजळ भरली आणि बहिणीपुढे धरली. त्या प्यायल्या. गोण्या त्या दिवशी उघडल्या नाहीत. त्या परतही गेल्या नाहीत.

आजही मोरकीच्या बांधात मधोमध ती वाट आहे. यंदा ती थुवलीबाईंएवढीच आहे, एखादं लहान मूल बसेल एवढी.